तापीकाठच्या गावाचा पूर आराखडा: घरं सोडायची वेळ नेमकी कशावरून ठरवायची?

तापीकाठ_चोपडा यांचा प्रश्न

राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात तापीच्या उत्तर काठाला आमचं गाव आहे. साधारण 140 उंबरे, त्यातले 45 खालच्या आळीत आणि नदीकडच्या आदिवासी वस्तीत. म्हणजे पुरात हलवायची माणसं 225 च्या आसपास. मोठी जनावरं 200, शेळ्या वेगळ्या. वर माळावर जिल्हा परिषदेची शाळा आहे, सात खोल्यांची, गावापासून सव्वा किलोमीटर. डांबरी रस्ता आहे, पण मध्ये नाल्यावर बुटका फरशी पूल आहे.

ग्रामपंचायतीत आराखड्याची फाइल आहे. तिच्यात समितीची नावं आणि फोन नंबर आहेत, कधी निघायचं आणि कोणी काय करायचं ते नाही. दरवर्षी मोबाइलवर निरोप येतो, "हतनूर धरणाचे अमुक दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे." सतर्क राहावे म्हणजे करायचं काय? किती दरवाज्यांना गाव सोडायचं? आणि गुरं सोडून माणसं निघत नाहीत, त्याला उपाय काय? जाणकारांनी जरा खोलात सांगा. आराखडा ग्रामसभेत मांडायचा आहे.

विसर्ग_शाखा (पाटबंधारे, निवृत्त)

दादा, दरवाज्यांच्या आकड्यावर निर्णय बांधू नका. हतनूरला 41 वक्र दरवाजे आहेत. 20 दरवाजे अर्ध्या मीटरने उघडणं आणि 20 दरवाजे पूर्ण उघडणं यात पाण्याचा फरक कित्येक पटींचा असतो. निरोपात तीन गोष्टी शोधायच्या: विसर्ग, म्हणजे धरणातून सुटणारं पाणी, किती, तो किती वाजल्यापासून, आणि पुढे वाढणार आहे की नाही. तिसरी गोष्ट बहुतेक निरोपांत नसते, ती तालुका नियंत्रण कक्षाला फोन करून विचारावी लागते. जिल्ह्याचा 1077 आहेच.

एककही बघा. बातमीत क्युसेक, म्हणजे घनफूट प्रतिसेकंद असतं, खात्याच्या कागदावर पुष्कळदा क्युमेक, म्हणजे घनमीटर प्रतिसेकंद. एका क्युमेकचे 35.3 क्युसेक होतात. 1 लाख क्युसेक म्हणजे 2832 क्युमेक. "फक्त तीन हजार सोडलंय" असं ऐकून गाव झोपून राहतं, आणि तो आकडा क्युमेकचा निघतो.

आता वेळ. पुराचं पाणी भरल्या पात्रात सेकंदाला दीड ते दोन मीटरने सरकतं असं धरलं, तर ताशी साडेपाच ते सात किलोमीटर होतात. नदीच्या वळणांनी मोजलेल्या 50 किलोमीटरला साधारण 7 ते 9 तास. रस्त्याचं अंतर मोजू नका, तापी फार वळणं घेते. शिवाय मध्ये शेळगाव बॅरेज आहे. त्याचे दरवाजे आधीच उघडे असतील तर पाणी सरळ येतं, नसतील तर त्यांच्या हालचालीने वेळ पुढेमागे होते. म्हणून हा हिशोब सुरुवातीला धरायला ठीक. खरा आकडा तुमच्याच गावात काढा. जुलै-ऑगस्टच्या लहान विसर्गांत वहीत दोनच नोंदी करायच्या: हतनूरहून किती वाजता किती सुटलं, आणि आपल्या घाटावर पाणी किती वाजता किती चढलं. एका पावसाळ्यात चार-पाच नोंदी झाल्या की तुमच्या गावाचं कोष्टक तयार होतं. ते कोणत्याही कार्यालयात मिळणार नाही.

आणखी एक, हतनूर हा एकच नळ नाही. वरून मुलताई-बऱ्हाणपूरकडची तापी आणि अकोला-बुलढाण्याकडची पूर्णा चांगदेवजवळ एकत्र येतात, ते पाणी हतनूरला दिसतं. पण वाघूर हतनूरच्या खाली मिळते, गिरणा त्याच्याही खाली. तुमचं गाव गिरणेच्या संगमाखाली असेल तर गिरणा धरणाचा आणि जामदा बंधाऱ्यावरून जाणाऱ्या पाण्याचा आकडाही वहीत हवा. आणि उत्तर काठाला सातपुड्यातून उतरणारे नाले तर कुणाच्याच निरोपात नसतात. डोंगरात दोन तास ढगफुटीसारखा पाऊस झाला की ते तासाभरात भरतात. चाळीसगावला 2021 च्या ऑगस्टअखेर तितूर-डोंगरीला जो पूर आला तो या प्रकारचा होता, रात्रीतून आला आणि गोठ्यांतली जनावरं दावणीलाच गेली.

गवंडीकाम_भुसावळ

वरच्या मुद्द्यांना जोडून. प्रश्नात तुम्ही उत्तर अर्धं दिलेलंच आहे, तो फरशी पूल. घरात पाणी कधी येतं यावर वेळ ठरवू नका, फरशीवर पाणी कधी येतं यावर ठरवा. तापी तुडुंब झाली की नाल्याचं पाणी नदीत शिरत नाही, उलट नदीचं पाणी नाल्यातून मागे फुगतं. खालच्या आळीत अंगण कोरडं असताना गावामागचा रस्ता बुडालेला असतो. माणसं नदीकडे बघत बसतात आणि वाट पाठीमागून बंद होते.

काम असं करा. फरशीच्या माथ्याला शून्य माना. तिथून गवंड्याच्या लेव्हल पाइपने ती उंची घाटाच्या भिंतीवर, मंदिराच्या जोत्यावर किंवा पुलाच्या खांबावर आणा. पारदर्शक नळी 20 मीटरची घ्या, 15-15 मीटरच्या टप्प्यांनी पुढे जा. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी चुकते, म्हणून भरताना एक टोक वर धरून पाणी हळू सोडा आणि दोन्ही टोकांची बोटं एकाच वेळी काढा. शेवटी उलट मोजत मूळ जागी या. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक चालेल, जास्त असेल तर पुन्हा मोजा. पंचायत समितीच्या अभियंत्यांकडून डंपी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून मिळाली तर उत्तमच.

मग भिंतीवर ऑइल पेंटने दर 10 सेंटिमीटरला रेघ आणि दर 50 ला आकडा. आकड्याशेजारी रेडियमची पट्टी चिकटवा, रात्री बॅटरीच्या उजेडात लांबून वाचता येते. पट्टी वाचायला पाण्याजवळ जावं लागेल अशी जागा निवडू नका. याच पाइपने गावातल्या जुन्या पुराच्या खुणा घरोघर न्या. म्हातारी माणसं भिंतीवर बोट ठेवून दाखवतात, तेवढा आधार पुरतो. कोणत्या घराच्या उंबऱ्याला शून्यापासून किती वर पाणी लागेल ते एका कागदावर येऊ द्या.

आता निघायची रेघ. तुमचेच आकडे घेतो.

दवंडी आणि निरोप: 30 मिनिटं. बांधाबांध: 60 मिनिटं, याच वेळात स्वयंसेवक घरोघर खात्री करतील. 225 पैकी म्हातारे, आजारी, गरोदर, लहान लेकरं अशी 60 माणसं ट्रॉलीने न्यावी लागतील, बाकीचे सव्वा किलोमीटर चालतील. एका ट्रॉलीत 20 जण बसवून, दोन ट्रॅक्टर, म्हणजे एकाच्या दोन फेऱ्या. चढ-उतार धरून एक फेरी 40 मिनिटांची, म्हणून 80 मिनिटं. बेरीज 170 मिनिटं, जवळपास 3 तास. ट्रॅक्टर बंद पडणं, कुणी हट्ट धरणं यासाठी एक तास वर धरा. 4 तास.

पाणी तासाला 30 सेंटिमीटर चढत असेल तर 4 तासांत 120 सेंटिमीटर. म्हणून फरशीच्या माथ्याखाली 120 वर पाणी आलं की निघायचं, तिथे लाल पट्टा. रात्री सगळ्याच कामाला वेळ लागतो, तेव्हा 6 तास धरा, म्हणजे 180. तिथे पिवळा पट्टा. चढण्याचा वेग तुमच्या वहीतून निघेल तसा हा हिशोब बदला. वेग दुप्पट निघाला तर पट्टे दुप्पट खाली जातील.

आणि एक नियम ग्रामसभेत ठरावाने घ्या: दुपारी 4 वाजता पाणी पिवळ्या पट्ट्याला असेल आणि विसर्ग वाढतोय असं कळलं, तर अंधार पडायच्या आत माळावर. एखादी रात्र उगाच शाळेत काढावी लागेल. ती काढा.

रावेर_केळी

हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आला की निघायचं, असं सरळ का ठरवत नाही? लेव्हल पाइपपेक्षा सोपं आहे.

विसर्ग_शाखा

तो अलर्ट जिल्ह्यासाठी असतो, आणि पावसाचा असतो, नदीचा नसतो. चोपड्यात ऊन असताना बऱ्हाणपूरच्या पावसाने तापी भरते. उलट जळगाव जिल्ह्याला ऑरेंज असताना तुमच्या नदीला काहीच न होणं हेही नेहमीचं. दर अलर्टला गाव हलवलं तर तिसऱ्या वेळी कुणी उठणार नाही. अलर्टवर तयारी करा: ट्रॅक्टरमध्ये डिझेल, बॅटऱ्या चार्ज, शाळेच्या किल्ल्या कुणाकडे आहेत याची खात्री. निघायचं ते पट्ट्यावर. अपवाद डोंगरी नाल्यांचा. सातपुड्याच्या बाजूला जोराचा पाऊस दिसतोय आणि नाला गढूळ होऊन काटक्या-पाला वाहून आणायला लागला, तर पट्टा बघत बसू नका.

केळीवाल्यांना मुद्दाम सांगतो. पुरात जीव जाण्याचं एक मोठं कारण काठावरची मोटर आहे. रात्री पाणी चढताना माणूस स्टार्टर पेटी आणि मोटर काढायला एकटा नदीवर उतरतो. तिथे वायर ओली असते, काठ भुसभुशीत झालेला असतो, आणि पाच एचपीची मोटर एकट्याने हलत नाही. म्हणून मोटरी काढायचं काम पिवळ्या पट्ट्याच्याही आधी, उजेडात, चौघांनी मिळून. लाल पट्ट्यानंतर नदीवर कुणी जायचं नाही, मोटर गेली तर गेली. महावितरणच्या वायरमनचा नंबर समितीतल्या दोघांकडे हवा. खालच्या आळीच्या डीपीच्या पायाशी पाणी येण्याआधी पुरवठा बंद करून घ्यायचा, आणि तोही माणसं बाहेर पडल्यावर, दिवे लागतात म्हणून.

गोठा_अमळनेर (पशुवैद्यकीय)

गुरांचं मी सांगतो, कारण आराखडा तिथेच फसतो.

गुरं माणसांसोबत निघाली तर फरशीवर कोंडी होते. 200 जनावरं, अंधार, ट्रॅक्टरचा आवाज. म्हणून दिवसा गुरं पिवळ्या पट्ट्याला, माणसं लाल पट्ट्याला. गुरं आधीच सुरक्षित असतील तर माणसांचा हट्टही संपतो. गाभण म्हशी आणि लहान वासरं सर्वांत आधी. अनोळखी पाण्यातून जनावर पुढे जात नाही, म्हणून वाट ओळखीची असलेली बैलजोडी पुढे घाला.

माळावर सावली आणि दावणीची जागा आत्ताच आखून ठेवा. मोठ्या जनावराला दिवसाला 6 ते 8 किलो कोरडा चारा लागतो. 200 जनावरांना तीन दिवसांचा साधारण 4 टन होतो. दादर ज्वारीचा कडबा असेल त्यांनी वरच्या खळ्यात गंजी लावून वर ताडपत्री टाकावी, खालच्या आळीत भिजलेला कडबा बुरशी धरतो आणि पोटं बिघडतात. पाणी जनावरामागे 40 लिटर धरलं तरी दिवसाला 8000 लिटर. माळावर बोअर असेल तर त्याला जनरेटर कुठून लागेल ते बघा, नाहीतर पाच हजार लिटरचे दोन टँकर.

घटसर्प आणि फऱ्याची लस मे-जूनमध्येच झाली पाहिजे. पुरात एकत्र बांधल्यावर द्यायची म्हटली तर उशीर होतो, प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. कानातला 12 अंकी बिल्ला आहे का ते तपासा, तो नंबर वहीत लिहा. जनावर दगावलं तर पंचनाम्याला आणि भरपाईला तोच विचारला जातो.

आणि हे प्रत्येक घरात सांगा: काही कारणाने गुरं न्यायला वेळ उरलीच नाही, तर दावं कापा आणि गोठ्याचं दार उघडून निघा. सुटं जनावर पोहतं, उंचावर चढतं. बांधलेलं दावणीला मरतं. दारामागे खिळ्याला एक विळा कायम टांगलेला असू द्या, ओल्या सुंभाची गाठ बोटांनी सुटत नाही.

उपकेंद्र_यावल

शाळेच्या सात खोल्यांचा हिशोब कुणी केला नाही, तो करते. माणशी साडेतीन चौरस मीटर जागा असावी असा मदत छावण्यांचा मापदंड आहे. 225 माणसांना जवळपास 790 चौरस मीटर. वर्गखोली 45 चौरस मीटरची धरली तर 17-18 खोल्या लागतील, तुमच्याकडे 7 आहेत. एका रात्रीसाठी दाटीवाटीने माणशी दोन मीटर धरले तरी 10 खोल्या. म्हणजे निम्म्या घरांनी आपापले नातेवाईक, वरच्या आळीतली घरं किंवा समाजमंदिर हे आधीच ठरवून यादीत लिहायला हवं. ऐनवेळी ठरलं तर ज्यांचं गावात कुणी नाही ते कुटुंब व्हरांड्यात राहतं.

संडास 20 माणसांना एक हवा, सुरुवातीला 50 ला एक तरी. बायकांचे वेगळे, आणि तिथपर्यंत रात्री दिवा. पाणी माणशी 15 लिटर, दिवसाला साडेतीन हजार लिटर.

आशाताईंकडे तीन याद्या तयार असतात, त्या वापरा: नववा महिना लागलेल्या बाया, बीपी-शुगर-टीबीच्या गोळ्या चालू असलेले, अंथरुणावरचे. नववा महिना लागलेल्या बाईला शाळेत नेऊ नका, पिवळ्या पट्ट्याला थेट चोपडा उपजिल्हा रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे. रस्ता तुटल्यावर 108 पोचू शकत नाही.

घरटी पिशवी एकच: आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा जाड प्लॅस्टिकमध्ये, सात दिवसांच्या गोळ्या, ओआरएस, बॅटरी, कोरडे कपडे, लेकराचं खाणं. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खांबाला बांधा, रिकामं सिलिंडर तरंगत जातं आणि आदळतं.

दवंडी मंदिराच्या भोंग्यावरून द्यायची तर त्याला बॅटरी हवी, कारण वीज गेलेली असेल, आणि काही तासांनी मोबाइल टॉवरही बसतो. हातातला मेगाफोन आणि शिट्ट्या घ्या. निरोप छोटा आणि घरातल्या बोलीत: "पानी वाढी ऱ्हायनं, आते निंघा, शाळामा चला." आदिवासी वस्तीत त्यांच्याच बोलीत बोलणारा पोरगा त्या कामावर नेमा. घर रिकामं झालं की दाराला खडूने फुली. फुली नसलेल्या दारात पुन्हा जायचं.

धुळे_रत्नागिरी

जरा वेगळा प्रश्न. मूळ धुळ्याचा, नोकरीने रत्नागिरीला खाडीकाठी राहतो. हीच पद्धत त्सुनामीला चालेल का?

विसर्ग_शाखा

उंची मोजणं, वाट चालून बघणं, याद्या, हे सगळं चालेल. वेळेचा हिशोब मात्र निराळा. आपल्या पश्चिम किनाऱ्याला मोठा धोका मकरानच्या बाजूचा, इराण-पाकिस्तानच्या किनाऱ्याजवळचा. 1945 च्या नोव्हेंबरात तिथे भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईपर्यंत लाटा आल्या. तसा भूकंप झाला तर हैदराबादच्या इन्कॉइसचा (त्सुनामीचा इशारा देणारी सरकारी संस्था) इशारा लाटेच्या बराच आधी येऊ शकतो. 2004 च्या त्सुनामीनंतर, 2007 पासून ती यंत्रणा चालू आहे. पण किनाऱ्यावर उभं राहणं कठीण व्हावं इतका किंवा मिनिटभर चालणारा हादरा जाणवला, तर कुणाच्या इशाऱ्याची वाट पाहायची नाही, चालत वर निघायचं. गाडी काढू नका, कोकणातल्या अरुंद रस्त्यांवर कोंडी होईल.

तुम्ही खाडीकाठी आहात हे महत्त्वाचं. लाट खाडीतून बरीच आत शिरते, म्हणून समुद्र दिसत नाही म्हणजे सुरक्षित असं समजू नका. खाडीला समांतर पळू नका, तिच्यापासून आडवं, चढाकडे जा. 30 मीटर उंचीचं लक्ष्य ठेवा. कोकणात सडा, म्हणजे वरचं कातळी पठार, जवळ असतो, तेवढी उंची पायी मिळते. नाहीच जमलं तर मजबूत आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा वर. आणि पहिली लाट ओसरली की लोक खाली उतरतात, तिथे घात होतो. पुढच्या लाटा मोठ्या असू शकतात आणि तासन्‌तास येत राहतात. अधिकृत निरोपाशिवाय उतरू नका. समुद्र मागे हटला तर ती खूण आहेच, पण दर वेळी तो आधी हटतोच असं नाही.

तापीकाठ_चोपडा

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी लेव्हल पाइप घेऊन फरशीपासून सुरुवात करतो. दोन शंका राहिल्या. तहसीलदारांचा आदेश नसताना गाव हलवता येतं का? आणि पूर ओसरल्यावर परत कधी यायचं?

विसर्ग_शाखा

स्वतःहून निघायला कुणाची परवानगी लागत नाही. सक्तीने हलवण्याचा अधिकार प्रशासनाला आहे, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. तुमचा ठराव, पट्ट्यांचे आकडे आणि याद्या आत्ताच तलाठी, पोलीस पाटील आणि तहसील कार्यालयात देऊन पोच घ्या, म्हणजे त्या रात्री फोनवर "लाल पट्टा" एवढं म्हटलं तरी समोरच्याला कळेल. तालुक्यात प्रशिक्षण घेतलेले आपदा मित्र असतात, त्यांना सरावाला बोलवा. सराव जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा दिवसा आणि एकदा रात्री, घड्याळ लावून. 170 मिनिटांचा अंदाज खरा की खोटा ते तेव्हाच कळेल.

परतताना घाई नको. पाणी शून्याखाली गेलं तरी वरून पुन्हा विसर्ग वाढणार नाही याची नियंत्रण कक्षाकडून खात्री करा. फरशीवरून पाणी वाहत असताना ट्रॅक्टरसुद्धा घालू नका. वाहत्या पाण्यात गुडघ्याएवढी खोली माणसाला पाडते, दोन फूट पाणी मोटारगाडी उचलतं, आणि खालची फरशी वाहून गेलेली वरून दिसत नाही.

उपकेंद्र_यावल

आणि विहीर. पुराचं पाणी शिरलेली विहीर आधी एकदा उपसून काढा, मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पाण्याचा साठा लिटरमध्ये काढायचा तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785. व्यास 5 आणि पाणी 4 मीटर असेल तर 78,500 लिटर. नेहमी 1000 लिटरला 5 ग्रॅम टाकतो, म्हणजे सुमारे 400 ग्रॅम. पुरानंतर पहिल्या वेळी दुप्पट, 800. पावडर थेट विहिरीत टाकू नका. बादलीत कालवा, 10-15 मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी सगळ्या बाजूंनी ओता, खालचा चुना फेका. पहिल्या दिवशी रात्रभर तसंच ठेवा. नंतर जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची), पिवळा रंग आला तरच प्यायला सोडा. टीसीएलची पिशवी मागच्या वर्षापासून उघडी असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, तिच्यावर विसंबू नका, नवी मागवा.

घरात शिरताना मेन स्विच बंद असल्याची खात्री, हातात काठी, पायात बूट. कडब्याच्या गंजीत, चुलीमागे, गोधड्यांच्या घडीत साप बसलेले असतात. चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, तो हात किंवा पाय हलू न देता गाडीत घाला. सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) कोणत्या रुग्णालयात आहे ते जूनमध्येच विचारून शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नंबरासकट.